कॅमेरा उसना, फिल्टर मात्र स्वतःचा!

‘माझ्याकडे चांगला कॅमेरा नाही ना, नाहीतर मीपण काढला असता!’ सूर्यासमोरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा फोटो ग्रुपवर आला, की हे वाक्य हमखास येतं. तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. मी तर दोन वर्षं हेच म्हणत होते. आज भांडण आहे ते या वाक्याशीच.

आधी थोडं बेसिक. एखादा ग्रह सूर्य आणि पृथ्वी यांच्या बरोबर मधे आला, की त्याचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो. हे अधिक्रमण. शुक्राचं शेवटचं अधिक्रमण ६ जून २०१२ रोजी झालं आणि पुढचं थेट डिसेंबर २११७ मध्ये, म्हणजे ते आपण विसरलेलंच बरं. बुधाचं २०१९ मध्ये झालं, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य मावळला होता. पुढचं आहे १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आणि ते भारतातून दिसेल. दुपारी बारानंतर सुरू होऊन साडेचारच्या सुमारास संपेल.

मग तोवर काय करायचं? प्रॅक्टिस! त्यासाठी अंतराळ स्थानक आहेच. ते साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने फिरतं. डोक्यावरून जाताना सूर्यबिंब पार करायला त्याला एक सेकंदसुद्धा लागत नाही. आणि ते ज्या पट्ट्यातून दिसतं, त्याची रुंदी असते जेमतेम काही किलोमीटर. तुमच्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकले, की पट्टा कुठून जाणार आणि किती वाजून किती सेकंदांनी, हे सांगणाऱ्या मोफत वेबसाइट्स आहेत.

माझा पहिला प्रयत्न फसला तो कॅमेऱ्यामुळे नाही. मी वेबसाइटवर नुसतं शहराचं नाव टाकलं आणि आमच्या गच्चीवर ठाण मांडलं. पट्टा गेला सात-आठ किलोमीटर लांबून! दुसऱ्या वेळी मैत्रिणीच्या बाबांचा जुना डीएसएलआर आणि ३०० एमएमची झूम लेन्स घेतली, स्कूटी काढली आणि पट्ट्याच्या मधोमध असलेल्या एका मैदानावर जाऊन उभी राहिले. पाच फ्रेम मिळाल्या. त्यातल्या तिघींमध्ये सोलर पॅनलचे पंख ओळखू येतील-न येतील असा एक करडा डाग होता. आईला तो धुळीचा कण वाटला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तंत्र अवघड नाही. ३०० एमएमच्या लेन्सने सेन्सरवर सूर्य जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा उमटतो, पण स्थानक टिपायला तेवढा पुरतो. सूर्याच्या कडेवर किंवा एखाद्या सौरडागावर फोकस करा आणि ऑटोफोकस बंद करून टाका. शटर स्पीड १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. ट्रायपॉड हवाच. घड्याळ सेकंदावर जुळवा आणि वेळेच्या दोन-तीन सेकंद आधीच बर्स्ट सुरू करा. ‘दिसलं की दाबू’ म्हणाल तर संपलं! १८७४ च्या शुक्र अधिक्रमणासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी ७२ सेकंदांत ४८ फोटो घेणारं यंत्र बनवलं होतं. आपल्या बर्स्ट मोडचा पणजोबाच म्हणा ना. त्यापेक्षा वेगवान कॅमेरा आज तुमच्या खिशात आहे.

एका गोष्टीत मात्र जुगाड नको, आणि ती म्हणजे फिल्टर. सूर्यासाठीच बनवलेली सोलर फिल्म सुमारे एक लाखांश प्रकाश आत सोडते आणि ती लेन्सच्या पुढेच लावायची. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी, फोटोग्राफीचा साधा एनडी फिल्टर यातलं काहीही डोळ्यांसाठी सुरक्षित नाही. ग्रहणाचा चष्मा घालून उघड्या लेन्सच्या कॅमेऱ्यातून बघणं तर आणखी धोक्याचं, कारण लेन्सने एकवटलेल्या उन्हापुढे तो चष्मा टिकत नाही. आणि रेटिना भाजताना दुखत नाही. कळतं ते नंतर, समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसायला लागला की.

म्हणून फोटोग्राफी क्लबवाल्या मित्रमैत्रिणींनो, नव्या कॅमेऱ्यासाठी अर्ज करण्याआधी सोलर फिल्मच्या एका ए-फोर शीटसाठी अर्ज करा. पुठ्ठा, कात्री, टेप घ्या. एका शीटमध्ये चार-पाच लेन्सची टोपणं होतात. प्रत्येक वेळी वापरण्याआधी टोपण बल्बसमोर धरून बघा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी ते थेट कचऱ्यात. वाऱ्याने उडणार नाही असं घट्ट बसवा. सोबत कुणी जाणकार हवं असेल तर हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्था आहेत. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून आहे.

२०३२ पर्यंत आपल्यापैकी बहुतेकांचं कॉलेज संपलेलं असेल, ग्रुप म्यूटवर गेलेला असेल. तरी त्या १३ नोव्हेंबरचा रिमाइंडर आजच लावा. बुधाचा ठिपका सूर्याच्या जवळपास दोनशेवा भाग, म्हणजे ३०० एमएमच्या फोटोत जेमतेम तीन-चार पिक्सेल. त्यासाठी मोठी लेन्स किंवा दुर्बीण लागेल, आणि ती कुणाकडून तरी मिळेलच.

कॅमेरा नाही म्हणून थांबू नका. पण फिल्टर नसेल, तर थांबाच. कॅमेरा उसना मिळतो, डोळे मिळत नाहीत.