अक्षांश आणि भांगेची शेती

विदर्भातील कृषिसेवा केंद्रांचे चालक, बीजोत्पादक, कृषिसहायक आणि कृषिमहाविद्यालयांतील अध्यापक हा आमचा वाचकवर्ग. आणि या वर्गाकडून अलीकडे ज्या पिकासंबंधी विचारणा वारंवार होऊ लागली आहे ते पीक भांगेचे आहे. उत्तराखंड सरकारने २०१८ साली मादकद्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत असलेल्या वाणांच्या लागवडीस परवाने देण्यास आरंभ केला. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या मादकद्रव्य आयोगाने या वनस्पतीला अत्यंत घातक द्रव्यांच्या यादीतून वगळले आणि त्या ठरावाच्या बाजूने भारतानेही मत दिले. पुढील वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिचे बी, बियांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. या तीन वार्ता खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या पाठोपाठ एकरी लाखांच्या उत्पन्नाचे जे तक्ते, परदेशी बियाण्यांची जी माहितीपत्रके आणि बंद खोलीत दिव्यांखाली झाडे वाढवण्याच्या ज्या योजना शेतकऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचू लागल्या आहेत, त्यांत कृषिशास्त्राचा पहिला प्रश्न कोठेही विचारलेला आम्हांस आढळत नाही. आणि तो प्रश्न असा की, विषुववृत्ताच्या उत्तरेस एकवीस अंशांवर, काळ्या जमिनीत आणि मोसमी पावसात हे पीक वागते कसे?

या वनस्पतीचे सगळे वर्तन रात्रीच्या लांबीवर अवलंबून आहे. हे सत्य प्रथम ज्या झाडांवर उमगले त्यांत भांग होती, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा गळून पडते. अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांवरून दीप्तिकालाचा सिद्धांत मांडला, हे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो; परंतु त्याच्या आधी, १९१२ च्या सुमारास, फ्रान्समधील तूर्न्वा नावाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने काचगृहात ऐन हिवाळ्यात पेरलेली भांगेची आणि हॉपची रोपे अकाली फुलावर येतात हे पाहिले होते, आणि याचे कारण दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबण्यात शोधावे, असे अनुमानही त्याने लिहून ठेवले होते. १९१४ च्या महायुद्धात तो मारला गेला आणि ते काम तेथेच थांबले. ज्याला आज घरातील लागवड म्हणतात तिचे मूळ या काचगृहात आहे: दिवा लावून रात्र तोडली की झाड वाढत राहते, दिवा मालवून रात्र लांबवली की ते फुलते.

आता हेच तत्त्व नागपुरास लावून पाहावे. आपल्याकडील सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांहूनही किंचित लहान असतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच दिनमान तेरा तासांच्या खाली उतरू लागते; उलट पॅरिसच्या अक्षांशावर जूनमधील दिवस सोळा तासांचा. तेथील धाग्याचे वाण अनेक पिढ्यांच्या निवडीने असे घडवले आहेत की, उन्हाळाभर त्यांनी उंच वाढावे आणि दिवस चौदा तासांच्या आसपास उतरला की फुलावे. अशा वाणाचे बी आपण मृगात पेरले, तर त्याच्या दृष्टीने पेरणीच्या दिवशीच शरद ऋतू उजाडलेला असतो; ते धड वाढण्यापूर्वीच फुलते, आणि ज्या उंच, सरळ काडीसाठी ते घेतले ती काडी त्याला येतच नाही. ज्याने उशिरा पेरलेली तूर बुटकी राहून लवकर फुलोऱ्यावर आलेली पाहिली आहे, त्या शेतकऱ्याला यात नवे काहीच नाही. तूर, अंबाडी आणि ताग ही तिन्ही पिके याच स्वभावाची आहेत, आणि म्हणून या विषयात आमचा शेतकरी जाहिरातदारापेक्षा अधिक जाणता आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रशियातील रानटी भांगेपासून आलेले, दिनमानाची पर्वा न करता ठरावीक वयात फुलणारे वाणही बाजारात दाखवले जातात. परंतु ती झाडे जात्याच ठेंगणी असतात, आणि धाग्याचे गणित त्यांनी सुटत नाही.

मग एकवीस-बावीस अंशांवर वाढलेल्या भांगेचा अनुभव कोठे शोधावा? त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मेळघाट ओलांडला की तो सापडतो. नागपूर ही ज्या मध्यप्रांताची राजधानी होती त्या प्रांतात गांजाची परवानगीची लागवड निमाड जिल्ह्यात, खांडव्याच्या परिसरापुरती मर्यादित केलेली होती. खांडव्याचा अक्षांश नागपूरपेक्षा जेमतेम पाऊण अंशाने अधिक, जमीन तशीच काळी, पाऊस त्याच वाऱ्यांचा. परवान्याखेरीज पेरणी नाही, माल सरकारी कोठारात जमा होणार, आणि तेथून मक्तेदार दुकानदारांना अबकारी कर भरून मिळणार, असा तो अंमल होता. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात उपस्थित झालेल्या प्रश्नावरून हिंदुस्थान सरकारने जो सात सभासदांचा आयोग नेमला, त्याने अकराशे त्र्याण्णव साक्षीदारांचे जाबजबाब घेतले. सभासदांमध्ये मध्यप्रांतातील कमिशनर, पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झालेले, अँड्र्यू फ्रेझर होते. त्या आयोगाचा अहवाल १८९४ चा. त्याचे निष्कर्ष बहुतेकांना ऐकून ठाऊक असतात: परिमित सेवनापासून विशेष अपाय आढळला नाही, सर्वस्वी बंदी आवश्यक वा इष्ट नाही, परंतु लागवड एकवटावी, कर पुरेसा असावा आणि दुकाने कमी करावी. या निष्कर्षांवर वाद घालणाऱ्यांनी अहवालाचे पुढील खंड मात्र क्वचितच उघडलेले असतात. मध्यप्रांतातील साक्षी सहाव्या खंडात आहेत आणि वऱ्हाडातील सातव्यात. साक्षीदारांना घातलेल्या प्रश्नांत रानटी झाड कोठे उगवते, त्याची वाढ दाट की विरळ, बीजासाठी, धाग्यासाठी आणि गांजासाठी लावलेल्या पिकांच्या पद्धती वेगळ्या आहेत काय, असे निखळ शेतीचे प्रश्न आहेत. आणि त्यांची उत्तरे तहसीलदार, डॉक्टर, मालगुजार आणि व्यापारी अशा नाना लोकांनी दिलेली आहेत. पैदासशास्त्राच्या दृष्टीने हे दप्तर अमोल आहे, असे आम्ही पूर्ण विचारांती म्हणतो.

त्या काळच्या पिकातील सर्वांत कसबी काम नर झाडे वेळीच ओळखून उपटण्याचे होते. भांगेत नर-मादी झाडे वेगळी असतात आणि परागसिंचन वाऱ्याने होते. शेतात एक नर राहून गेला तरी आसपासच्या माद्यांत बी धरते आणि गांजाचा दर्जा जातो. बंगालात, राजशाही जिल्ह्यातील नौगावच्या गांजामहालात, या कामासाठी पोद्दार अथवा परखदार नावाचे जाणकार मजुरीवर बोलावले जात आणि फुलोरा स्पष्ट होण्याआधी, नुसत्या ठेवणीवरून, ते नर वेचून काढीत. डेव्हिड प्रेन यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात त्या शेतीचे बारकाईने वर्णन केले आहे. तेथे पावसाळ्याच्या उत्तरार्धात रोपे टाकून, पाणी ओसरल्यावर उंच वाफ्यांवर लागण करीत आणि हिवाळ्याच्या अखेरीस कापणी करीत, कारण साचलेले पाणी या झाडाच्या मुळांना सोसत नाही. ज्यांच्या शेतात श्रावणभर पाणी तुंबते त्या आमच्या भारी जमिनीच्या वाचकांनी ही एक ओळ अधोरेखित करून ठेवावी. १९१७ साली त्याच नौगावात गांजाउत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. वाऱ्याने पसरणारा पराग शेताचा बांध मानीत नसल्यामुळे धाग्याची, बियांची आणि औषधाची भांग एकाच शिवारात नांदू शकत नाही; जुन्या अंमलदारांनी लागवड एका तहसिलीत कोंडली ती करवसुलीच्या सोयीसाठी, परंतु त्या कोंडणीने वाणाची शुद्धताही राखली गेली असली पाहिजे, असे आम्हांस वाटते. हिमालयाच्या उतारांवर, जेथे रानटी भांग सर्वत्र माजलेली आहे, तेथे ०.३ टक्क्याची मर्यादा पाळणारे बियाणे टिकवणे ही किती कष्टाची गोष्ट असेल, याची कल्पना बीजोत्पादकांना सहज येईल.

घरातील लागवडीसंबंधी आमचे मत थोडक्यात सांगण्यासारखे आहे. ती पद्धत थंड प्रदेशांत आणि कायद्याच्या भीतीने जन्मली. उघड्यावर पिकत नाही अथवा पिकवता येत नाही, म्हणून तेथे सूर्याची जागा दिव्याने घेतली. इव्हान मिल्स यांनी २०१२ साली केलेल्या हिशेबात अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का या बंद खोल्यांत खर्च होत असल्याचे निघाले. २०२१ साली कोलोरॅडोतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक किलो वाळल्या फुलामागे, ठिकाणाप्रमाणे, सुमारे २,३०० पासून ५,२०० किलोपर्यंत कार्बन डायऑक्साइडच्या तुल्यतेचे वायू पडतात असे दिसले, आणि त्या खर्चाचा मोठा भाग हवा गरम, थंड व कोरडी करण्याचा होता. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पुढे लगेच भाद्रपदापर्यंत हवा दमट राहते, तेथे आधी दिव्यांसाठी आणि मग त्या दिव्यांची उष्णता बाहेर काढण्यासाठी वीज जाळणे हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीस उतरणार नाही. याला अपवाद औषधाचा. अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांवर २०१८ साली अमेरिकेत मान्य झालेले भांगेतील कॅनाबिडिओलचे औषध नियंत्रित काचगृहांतील झाडांपासून तयार होते, कारण वैद्याला प्रत्येक मात्रा सारखी हवी असते. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेत सरकारी परवानगीने चाललेले संशोधनही औषधासाठीच आहे. असे काम प्रयोगशाळेचे आहे. शेतकऱ्याच्या मागील खोलीचे ते कदापि नाही.

धाग्याविषयीही घाई नको. युरोपात कापलेली काडी शरदातील दवावर शेतातच कुजवतात. आपला कार्तिक कोरडा असतो, म्हणजे काडी पाण्यातच कुजवावी लागणार, आणि ज्या गावांत अंबाडीचा वाख काढण्यापुरतेही नाल्याचे पाणी उरलेले नाही तेथे हे पाणी कोठून आणायचे, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. अंबाडी आणि ताग यांवर होऊ न शकलेला खर्च भांगेवर का करावा, हाही प्रश्न आम्ही आमच्या विद्यापीठांतील स्नेह्यांना मोकळेपणाने विचारतो.

सर्वांत अधिक चिंता कायद्याची वाटते. १९८५ च्या मादकद्रव्य अधिनियमाच्या आठव्या कलमाने भांगेच्या कोणत्याही झाडाची लागवड निषिद्ध केली आहे. चौदाव्या कलमाखाली धागा, बी अथवा बागकामासाठी सरकार परवानगी देऊ शकते, परंतु उत्तराखंडाचा परवाना विदर्भात चालत नाही, आणि विसाव्या कलमाखाली विनापरवाना लागवडीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड अशी आहे. सफेद मुसळी, एमू आणि जट्रोफा यांच्या लाटा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हमीभावाने परतखरेदीचा करारनामा लिहून देणारे लोक हंगाम सरताच कसे दिसेनासे होतात हे सांगण्याची गरज नाही. त्या वेळी शेतकऱ्याचे पैसे बुडाले. या वेळी झाड त्याच्या सातबाऱ्यावर उभे असेल, आणि बियाणे विकणारा पंचनाम्यात कोठेच नसेल. म्हणून आमच्या व्यवसायातील जो कोणी परवान्याशिवाय हे बी विकतो, वाटतो वा ‘प्रयोग म्हणून दोन ओळी लावून पाहा’ असा सल्ला देतो, तो शेतकऱ्याचा घात करतो, असे आम्ही येथे निःसंदिग्ध शब्दांत नोंदवतो.

करण्याजोगे काम मात्र आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात अल्पमादक वाणांच्या संशोधनास उत्तेजन देण्याचा मनोदय व्यक्त झालेला आहे. त्या आधारे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने राज्य शासनाकडे रीतसर अर्ज करावा, कुंपणबंद आणि पहाऱ्यातील एका प्रक्षेत्रावर दक्षिणेकडील व मध्य भारतातील देशी वाण आणि परदेशी वाण शेजारी न ठेवता वेगवेगळ्या हंगामांत पेरावेत, आणि पेरणीची तारीख, फुलोऱ्याची तारीख, उंची आणि मादकद्रव्याचे प्रमाण हे चार रकाने सलग काही वर्षे भरावेत. मृगातील पेरणी, श्रावणातील पेरणी आणि दसऱ्यानंतरची पेरणी यांत किती अंतर पडते एवढे जरी कळले, तरी जाहिरातींच्या निम्म्या तक्त्यांची वासलात लागेल. नागपुरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, शंभर वर्षांहून जुने कृषिमहाविद्यालय आहे. जमिनीची निवड आणि निरीक्षण यांत त्यांची साथ मिळाली तर या प्रयोगाला बाहेरच्या सल्लागाराची आवश्यकता पडू नये.

पुढील अंकापासून आम्ही आयोगाच्या सहाव्या व सातव्या खंडांतील निमाड आणि वऱ्हाड यांच्या लागवडीविषयक साक्षींचा मराठी गोषवारा क्रमशः छापणार आहोत. खांडवा, बऱ्हाणपूर, मेळघाट या भागांत ज्यांच्या घराण्यात मालगुजारी अथवा अबकारी मक्त्याची जुनी दप्तरे असतील, त्यांनी त्यांतील पेरणीच्या व कापणीच्या नोंदींची नक्कल पौष महिन्यापूर्वी आमच्याकडे पाठवावी. मूळ कागद पाठवू नयेत.