कूर्चेच्या खात्यावरील चुना

साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या छातीचा एक्स-रे काढला, की फुप्फुसे निर्दोष असूनही अहवालाच्या तळाशी पुष्कळदा एक ओळ आढळते : बरगड्यांच्या कूर्चांमध्ये कॅल्सिफिकेशन. ती वाचून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, अंगात कॅल्शियम फार झाले, दूध-दही बंद करा. दुसरा दुखऱ्या गुडघ्याकडे बोट दाखवून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतो. दोघांचीही गफलत एकाच ठिकाणी होते. एकूण शिल्लक किती, एवढेच ते पाहतात. रक्कम कोणत्या खात्यावर पडली, हे पाहत नाहीत.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उतारवयात हाडांच्या खात्यातून ते हळूहळू वजा होत जाते, आणि त्याच काळात कूर्चेत, धमन्यांच्या भिंतींत, म्हणजे जिथे त्याचे काही काम नाही अशा ठिकाणी, ते जमा होऊ लागते. रक्तातील प्रमाण मात्र सर्वसाधारणपणे १०० मिलिलिटरला साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम या मर्यादेतच राहते. तेव्हा कूर्चेत चुना साठणे म्हणजे शरीरात कॅल्शियमचा सुकाळ होणे नव्हे. दूध तोडल्याने ही साठवण विरघळत नाही. आधीच वजाबाकीत असलेली हाडे तेवढी आणखी दुबळी होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे, ती एक्स-रेमधील या ओळीने बदलत नाही.

कूर्चा हा मुळात विलक्षण पदार्थ आहे. कानाची पाळी सोडली तर वरचा लवचीक भाग, नाकाचा शेंडा, बरगड्यांची पुढची टोके, सांध्यातील हाडांवरचे गुळगुळीत आवरण, हे सारे कूर्चेचे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील कूर्चेच्या वजनाचा बहुतांश भाग, सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के, निव्वळ पाणी असते. ते पाणी निथळून का जात नाही? कोलॅजनच्या तंतूंच्या जाळ्यात काँड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या वागवणारे मोठे रेणू अडकलेले असतात. त्यांतील गंधकयुक्त घटकांवर ऋण विद्युत्भार असतो. तो सोडियमला खेचून धरतो आणि सोडियमच्या मागोमाग पाणी येते. म्हणूनच निरोगी कूर्चेत सोडियमचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट भरते. दिवसभर गादीवर मांडी घालून बसलेला व्यापारी उठतो, तेव्हा त्याचा भार पेलणारी खरी शक्ती या कोंडलेल्या पाण्याच्या दाबात असते.

वय वाढते तसे हे रेणू आखूड होतात, काँड्रॉइटिनचा वाटा घटतो, आणि त्याबरोबर सोडियम व पाणी यांची धारणाही उतरते. कूर्चेच्या खनिजांचा विचार करताना कॅल्शियमच तेवढे डोळ्यांपुढे येते, कारण एक्स-रेमध्ये तेच दिसते. परंतु ही न दिसणारी घट अधिक महत्त्वाची म्हटली पाहिजे. कोलॅजनचे तंतू तर फारसे बदललेच जात नाहीत. सांध्यातील कूर्चेच्या कोलॅजनचे अर्धायुष्य शंभर वर्षांहून अधिक असल्याचे अनुमान डच संशोधकांनी २००० साली मांडले. एवढ्या दीर्घ काळात रक्तातून आलेली साखर त्या तंतूंना चिकटते, ते पिवळसर व कडक होतात. तारुण्यातील निळसर पांढरी, चमकदार कूर्चा वृद्धापकाळी पिवळी दिसते ती यामुळे.

चुना सर्वत्र सारखा साठत नाही. कानाची कूर्चा बहुधा अखेरपर्यंत मऊ राहते. याउलट कंठमण्याच्या कूर्चेचे हाडात रूपांतर विशीतच सुरू होते, आणि त्याची कोणाला जाणीवही नसते. बरगड्यांच्या कूर्चेत पुरुषांमध्ये तो प्रामुख्याने कडेने, तर स्त्रियांमध्ये मध्यभागी साठतो. न्यायवैद्यकातील तज्ज्ञ त्याचा ओळखीसाठी उपयोग करतात. अहवालातील ती ओळ वयाची नोंद आहे, एवढेच बहुतेक वेळा तिचे महत्त्व.

गुडघ्याची गोष्ट निराळी. तेथील गादीत कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक जमतात. अनेकांना त्यांचा उपद्रव होत नाही. काहींचा गुडघा वा मनगट मात्र एकाएकी लाल होऊन सुजते, ताप येतो. हा विकार युरिक ॲसिडच्या विकारासारखाच दिसतो, म्हणून १९६२ साली अमेरिकेतील डॉ. डॅनिएल मॅकार्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘स्यूडोगाउट’, म्हणजे गाउटचा तोतया, असे नाव दिले. शाकाहारी घरांत या तोतयापायी मोठा घोटाळा होतो. युरिक ॲसिड समजून तूरडाळ, मूग, मटकी सारे ताटातून काढले जाते आणि वृद्धाच्या आहारातील प्रथिनेच नाहीशी होतात. पायरोफॉस्फेटचा डाळीशी संबंध नाही. सांध्यातील द्रव सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर युरेटचे स्फटिक सुईसारखे आणि पायरोफॉस्फेटचे चौकटीच्या पत्त्यासारखे दिसतात. निवाडा तेथे होतो. साठीच्या आतच असे स्फटिक आढळले, तर पॅराथायरॉइड ग्रंथी, मॅग्नेशियम आणि लोह यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घेणे अगत्याचे आहे. तिथे कारण वयाचे नसून दुसरेच असू शकते.

आता बाजाराकडे वळणे भाग आहे. काँड्रॉइटिन घटते असे म्हटले, की ते गोळीतून भरून काढावे, हा हिशेब सरळ वाटतो, आणि ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनच्या गोळ्या त्याच हिशेबावर खपतात. अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघेदुखीवर या गोळ्या, एकेकट्या किंवा एकत्र, एकूण रुग्णांत औषधहीन गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरल्या नाहीत. तीव्र वेदनेच्या एका लहान गटात काही लाभ दिसला, इतकेच. तेथील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली गुडघ्यासाठी त्या न घेण्याचीच शिफारस केली.

जैन कुटुंबाला याखेरीज आणखी एक प्रश्न विचारावा लागेल. काँड्रॉइटिन बहुतकरून गुरांच्या श्वासनलिकेच्या किंवा शार्क माशाच्या कूर्चेतून काढतात, ग्लुकोसामाइन कोळंबी व खेकड्याच्या कवचापासून. आणि कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असेल तर तेही प्राणिज. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवा ठिपका असेलच असे नाही, म्हणून घटकांची यादी वाचून औषधविक्रेत्याला मूळ विचारावे. मक्यापासून किण्वनाने केलेले शाकाहारी ग्लुकोसामाइन मिळते. गुण येण्याचा प्रश्न मात्र त्यालाही तेवढाच लागू आहे.