क्रूस म्हणजे नवऱ्याचा मार नव्हे

बोरिवली-अंधेरीत कामाच्या निमित्ताने भेटणाऱ्या ख्रिस्ती बायकांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते: ‘हा माझा क्रूस आहे, सोसलाच पाहिजे.’ मीही दर रविवारी मिस्सेला जाते, म्हणून ते अधिक बोचते.

चर्च बदललेच नाही असे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन मिस्सा मराठीत आली. १९९४ मध्ये मुलींना वेदीसेवेची मुभा मिळाली. २०१६ पासून पवित्र गुरुवारच्या विधीत स्त्रियांचेही पाय धुता येतात. पण वेदीपाशी दिसणारा हा बदल घराच्या उंबऱ्याआत पोचत नाही.

वास्तविक चर्चच्याच १९८३ च्या कायदेसंहितेतले कलम ११५३ सांगते: जोडीदारापासून शरीराला, मनाला वा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहता येते, थांबणे धोक्याचे असेल तर बिशपांच्या परवानगीची वाटही पाहावी लागत नाही. म्हणजे विवाह मोडत नाही, बाई मात्र वाचते. हे मी आजवर एकाही प्रवचनात ऐकलेले नाही.

येशूने क्रूस स्वतः उचलला. दुसऱ्याच्या पाठीवर लादला नाही. मैत्रिणींनो, श्रद्धा सोडायची गरज नाही. आपापल्या पॅरिशमध्ये, लग्नाआधीच्या शिबिरांत हे कलम मोठ्याने वाचले जावे, असा आग्रह धरू या.