फुगा फुटण्याआधी

भूल सुरक्षित कशी द्यावी, याचा शोध घेणारे क्लोरोफॉर्म आयोग 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादेत बसले. भूलशास्त्र तेव्हापासून कितीतरी पुढे गेले, तरी पोटातली फुगलेली महाधमनी फुटते तेव्हा भुलेचा क्षण आजही जिवावर बेततो. पोटाचे ताठरलेले स्नायू आतल्या रक्तस्रावाला काही काळ दाबून धरतात. भूल चढताच ते सैलावतात आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून रुग्ण जागा असतानाच पोटाला जंतुनाशक लावतात, कापडे अंथरतात, सर्जन हातमोजे घालून सज्ज होतात, मगच भूल. पुढे फुग्याच्या वर चिमटा लावून रक्त अडवायचे आणि कृत्रिम नळी शिवायची. एवढे करूनही ब्रिटनमधल्या ‘इम्प्रूव्ह’ चाचणीत (2014) तातडीच्या खुल्या शस्त्रक्रियेच्या गटातले 37 टक्के रुग्ण महिनाभरात दगावले. जांघेतून नळी बसवण्याच्या गटातले 35 टक्के. कित्येक जण तर रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून माझा आग्रह आहे की, पासष्टी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांची महाधमनी एकदा तरी सोनोग्राफीवर मोजली जावी. ती साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनच्या पुढे फुगा मानतात आणि पुरुषांत साडेपाचला नियोजित शस्त्रक्रियेचा विचार करतात. ब्रिटनमध्ये सुमारे 67,800 पुरुषांवर झालेल्या चाचणीत (2002) तपासणीसाठी बोलावलेल्या गटात या आजाराचे मृत्यू 42 टक्क्यांनी घटले.

यावर कोणी म्हणेल, परदेशी आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत आणि सरकारी रुग्णालयांत सोनोग्राफीला आधीच रांगा आहेत. दोन्ही खरे. म्हणूनच सरसकट मोहीम नको. मुतखडा किंवा प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी होतेच, तेव्हा महाधमनीही पाहावी. फुगा सापडला की नाहक कापाकापी होईल, ही भीतीही रास्त आहे. पण लहान फुग्यावर लगेच शस्त्रक्रिया करून आयुष्य वाढत नाही, हे चाचण्यांनी दाखवले आहे. तिथे धूम्रपान सोडणे, रक्तदाब आवरणे आणि ठरावीक काळाने मोजमाप, एवढेच करायचे. रात्रीची रक्तपेढी आणि सर्जनांची तुकडी मात्र हवीच, कारण तपासणीतून काही जण सुटणारच. तुमच्या घरात असे वडील, काका असतील, तर पुढच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना एवढेच विचारा: महाधमनी किती सेंटिमीटर आहे?