दिव्याचे घर कोणी घडवायचे?

चंद्रपूरचे औष्णिक विद्युत केंद्र हे महानिर्मितीचे सर्वांत मोठे केंद्र. त्याची क्षमता २९२० मेगावॉट. १९९९ साली कार्यान्वित झालेली ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी चंद्रपूरची वीज थेट ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला नेऊन पोचवते. कोळसा चंद्रपूरचा, पाणी इरईचे, राखही चंद्रपूरच्याच वाट्याची. उजेड मात्र महानगरांचा! त्याच वेळी पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि एटापल्ली-भामरागडच्या पाड्यांवर संध्याकाळ ही पुन्हा रात्रच होते.

देशातील प्रत्येक गावात वीज पोचल्याची घोषणा २८ एप्रिल २०१८ रोजी झाली. ती कामगिरी लहान नव्हे. परंतु सरकारी व्याख्येनुसार गावातील दहा टक्के घरे आणि सार्वजनिक वास्तू जोडल्या गेल्या की गाव ‘विद्युतीकृत’ ठरत असे. तार आली म्हणजे उजेड आलाच, असे नव्हे. म्हणूनच वनक्षेत्रात सौर कंदील गेले. शासनाने वाटले, उद्योगसमूहांनी वाटले, शहरातील दानशूरांनी वाटले. समारंभ झाले, छायाचित्रे निघाली. पण कंदील बंद पडल्यावर तो दुरुस्त कोणी करायचा, हा प्रश्न वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःला विचारला?

क्षुद्र वाटणारी वस्तू

बॅटरी थकते, हे खरे. पण बॅटरी धड असूनही दिवा लुकलुकतो, तेव्हा दोष एलईडीचे पाय आणि सर्किट बोर्ड यांच्या सांध्यात शोधावा लागतो. येथे प्रश्न येतो तो एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूचा, म्हणजे बोर्डावर बसणाऱ्या दिव्याच्या इवल्याशा होल्डरचा. नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. त्यात आराखडा तो काय करायचा, असे कोणालाही वाटेल.

वास्तविक त्या तुकड्यात पुष्कळ विचार सामावलेला असतो. पाच मिलिमीटरच्या एलईडीच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असते. लांब पाय धन, कडेला चपटा भाग असतो तो ऋण. पाय वाकवायचा तर दिव्याच्या बुडापासून निदान तीन मिलिमीटर सोडून वाकवावा लागतो. नाहीतर आतल्या केसासारख्या तारेवर ताण येतो. कंदील हातातून पडला की तोच धक्का पायांवाटे आत जातो. होल्डर हा भार स्वतः पेलतो, सगळे दिवे एका उंचीवर राखतो आणि उजेड कोणत्या कोनात पडेल हे ठरवतो. त्याच्या बुडाशी सोडलेल्या लहान फटीतून सोल्डरिंगची वाफ निघून जाते. एका बाजूला खाच ठेवली की दिवा उलटा बसूच शकत नाही. नायलॉन चिवट, पण हवेतील ओल शोषून किंचित फुगतो. पॉलिकार्बोनेट ओल कमी शोषते, पण सोल्डरिंगच्या उष्णतेपासून जपावे लागते. चार महिने पाऊस झेलणाऱ्या गडचिरोलीसाठी यांतले काय निवडायचे, हा निर्णय दूर देशीच्या सूचीपत्रात सापडणार नाही.

याहून मोठा प्रश्न दुरुस्तीचा आहे. मोटारीच्या डॅशबोर्डमागील जुना दिवा पाव फेरा फिरवला की होल्डरसह हातात येत असे. नवा बसवणे हे क्षणाचे काम होते. एलईडी आला तो थेट बोर्डाला चिकटला. तो टिकाऊ खरा, पण बिघडला तर सोल्डरिंगची कावीळ हवी, आणि ती चालवायला वीज हवी! खेड्यातील मुलीला हाताने बदलता येईल असा खोबणीचा होल्डर का नसावा? खोबणीतील स्प्रिंगच्या पट्ट्या दमट हवेत गंजतात, हा आक्षेप योग्य आहे. पण त्यावर मुलामा कोणता द्यावा, पट्टीचा दाब किती ठेवावा, हे शोधणे यालाच तर आराखडा म्हणतात.

घोषणेची स्वदेशी आणि कौतुकाची स्वदेशी

दरवर्षी दिवाळी जवळ आली की चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराचे आवाहन होते. तुळशीचे लग्न लागेपर्यंत तो आवेश विरून जातो. बहिष्कार सोपा असतो, कारण त्यात काही घडवावे लागत नाही. बाहेरून आलेले सुटे भाग येथे जोडून वर स्वदेशीचा शिक्का मारणे हीदेखील आत्मवंचनाच. ज्याच्याकडे आराखडा आणि साचा, त्याच्याकडे मालकी. बाकीच्यांकडे केवळ मजुरी.

दुसरी चूक कौतुकाची. वनवासी बांधव म्हटले की शहरी मनाला बांबूच आठवतो. चिचपल्लीला २०१४ साली बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, हे स्तुत्यच. कंदिलाचे बाहेरचे घर बांबूचे जरूर असावे. पण बोर्डावरचा होल्डर बांबूचा करू म्हणणे ही स्वदेशी नव्हे, भाबडेपणा आहे. तो ओल शोषतो, माप सोडतो, उष्णतेने करपतो. वनवासी तरुणाच्या हाती फक्त बांबूच शोभतो आणि मायक्रोमीटर शोभत नाही, हे ठरवणारे आपण कोण?

साच्याला लाखो रुपये लागतात, एवढ्याशा मागणीसाठी ते परवडणार कसे, असे व्यवहारी लोक विचारतील. पोलादी साच्याचे हे खरेच आहे. पण पहिले नमुने त्रिमितीय मुद्रणाने होतात, लहान संख्येसाठी अल्युमिनियमचा साचा चालतो, आणि सिद्ध झालेला एक साचा अनेक जिल्ह्यांना पुरतो. मुंबईच्या आयआयटीने २०१४ पासून मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशात दहा लाख विद्यार्थ्यांसाठी सौर दिव्यांचा उपक्रम राबवला. त्यात जोडणी आणि दुरुस्ती गावकऱ्यांनीच केली. राजस्थानात डुंगरपूरच्या जनजातीय महिला तर सौर पॅनेलच्या कारखान्यापर्यंत पोचल्या. जे तेथे घडले, ते येथे का घडू नये?

गडचिरोली आणि ब्रह्मपुरीला शासकीय तंत्रनिकेतने आहेत. चंद्रपूरला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना हा एक होल्डर विषय म्हणून द्यावा. तो भामरागडच्या एका पावसाळ्यात टिकवून दाखवावा. शासनाने कंदिलांच्या निविदेत अट घालावी की, दिवा गावातच बदलता आला पाहिजे आणि होल्डरचे रेखाचित्र सर्वांना खुले असले पाहिजे.

आजवर माओवादी हिंसाचाराची सबब होती. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपतीने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ती सबब आता फारशी उरलेली नाही. या अरण्यातून बांबू गेला, कोळसा गेला, लोहखनिज जात आहे. मोबदल्यात कंदील वाटून ऋण फिटत नाही. दिवा देणाऱ्याचे उपकार राहतात. दिव्याचे घर घडवणाऱ्याला कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत.