स्वयंभू गंधार

सुसंवादाविषयी आपल्याकडे जी भाषणे होतात, ती शांतता समितीच्या बैठकीतली असोत, शाळेच्या स्नेहसंमेलनातली असोत वा घरातल्या वडीलधाऱ्यांनी केलेली असोत, त्यांच्या मुळाशी बहुधा एकच अपेक्षा असते: कोणी आवाज चढवू नये, कोणी वेगळे बोलू नये आणि ज्याला काही खुपत असेल त्याने ते मनात ठेवून इतरांच्या मागे मान डोलवावी. या अपेक्षेला सुसंवाद म्हणावयास मी तयार नाही. ती फार तर शांतता आहे, आणि तीही उसनी. खरा मेळ कशाने सिद्ध होतो, त्याला काय किंमत पडते आणि तो कशाने नासतो हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मिरजेच्या तंबोऱ्याकडे पाहावे. कारण जीवन, कला आणि निसर्ग यांच्या परस्परसंबंधाचा इतका उघड आणि इतका ऐकू येणारा दाखला दुसरा मला ठाऊक नाही.

मैफलीला आरंभ होण्यापूर्वी गवई तंबोरे जुळवीत बसतो, तेव्हा श्रोत्यांपैकी पुष्कळ जण घड्याळाकडे पाहतात. वास्तविक पाहता त्या घटकेत जे घडत असते ते पुढच्या साऱ्या गायनाचे अधिष्ठान असते. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची पितळेची खर्जाची. रागात पंचम वर्ज्य असेल तर पहिली तार मध्यमावर किंवा निषादावर जाते. आधी खुंटी पिळून तार स्वराच्या जवळपास आणावयाची, मग घोडीखालचा मणी केसभर मागेपुढे सारून ती नेमकी त्या स्वरावर बसवावयाची, आणि एक तार बसली की तिच्या ओढीने दुसरी किंचित ढळलेली असते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. जोडाच्या दोन तारा एकमेकींपासून यत्किंचित दूर असल्या तर त्यांच्या नादात एक लाट हेलकावताना ऐकू येते. ती मंद होत होत पार नाहीशी झाली म्हणजे जोड जुळला. चारही तारा अशा जुळल्या की मग ज्या स्वराला एकही तार दिलेली नाही असा गंधार त्या गुंजनातून आपोआप उमटू लागतो. गवयांच्या बोलीत त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाच्याच पोटात, खर्जाच्या पाचपट कंपनांच्या रूपाने असतो. परंतु चौघी आपापल्या जागी स्थिर झाल्यावाचून तो कानाला स्वच्छ लाभत नाही. त्याला वाजविणारे बोट नाही, त्याची खुंटी नाही, आणि कोणा एका तारेने तो आपला म्हणावा असाही तो नाही.

या गंधाराचे गणित आपल्या पाढ्यांच्या भाषेत सांगता येते. षड्जाची कंपने सेकंदाला 240 धरली, तर पंचम त्याच्या दीडपट म्हणजे 360 आणि हा गंधार सव्वापट म्हणजे 300 भरतो. पेटीवरचा गंधार मात्र सुमारे 302.4 वर बोलतो. पेटीच्या पट्ट्या लावताना सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडलेले असतात. युरोपीय संगीताला एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत विनासायास संचार करावयाचा असतो, आणि त्या संगीताची भव्य रचना लक्षात घेता ही तडजोड त्यांनी समजून उमजून केलेली आहे. तथापि तिची किंमत अशी, की सप्तक सोडले तर एकही अंतर निखळ राहत नाही. पंचम थोडा उतरतो, गंधार पुष्कळ चढतो, सर्वांना समान वाटा देण्याच्या नादात प्रत्येक जण आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडाथोडा हुसकला जातो. सांगलीचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ते, न्यायखात्यातले क्लेमंट्स साहेब आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ या तिघांनी श्रुतींची मोजदाद करून त्याबरहुकूम पेटी घडविण्याचा जो उद्योग केला, त्यामागे हीच रुखरुख होती. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले आणि ती पेटी रूढ झाली नाही; पण महसुली दफ्तरात आयुष्य घालविलेल्या एका गृहस्थाने निवृत्तीनंतर स्वरांच्या सूक्ष्म अंतरांसाठी इतके झिजावे, ही गोष्ट मला महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातली मोठी गोष्ट वाटते.

पेटीच्या याच उणिवेमुळे 1940 साली नभोवाणीने पेटीवर बंदीचा हुकूम जारी केला आणि 1971 पर्यंत तो अमलात राहिला. ही बंदी मला मान्य नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर यांच्या बोटांनी जे साधले ते वाद्याच्या मर्यादेवर मात करून साधले होते, आणि मेळ जर कोठून येत असेल तर तो कानातून व हृदयातून येतो, फर्मानातून येत नाही.

तंबोऱ्यातली, तारा जुळविण्याहूनही सूक्ष्म करामत जवारीत आहे. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला अत्यंत सौम्य असा उतार दिलेला असतो, आणि तार त्या उतारावर टेकत टेकत, घासत घासत कंप पावते. कारागीर कानशीने तो माथा घासतो, तार चढवून ऐकतो, उतरवून पुन्हा घासतो. या कामाला माप नाही, पट्टी नाही, त्याचा कान हेच त्याचे माप. इतके झाल्यावर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवितात, आणि तो मागेपुढे करता करता एका विवक्षित जागी आला की आतापर्यंत ठोकळ्यासारखा बद्द वाजणारा स्वर एकाएकी खुलतो व त्याची आस लांबवर टिकते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली आपल्या तंतुवाद्यांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी या घोडीचेच रहस्य उलगडले. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्रातील नियम; तंबोऱ्याची तार मध्यभागाजवळ छेडूनही ते भरघोसपणे ऐकू येतात, आणि याचे कारण तार व घोडी यांच्यातला हा सततचा स्पर्श होय, असे त्यांनी दाखविले. स्वराला समृद्धी आणणारी गोष्ट ही अशी घर्षणाची आहे. तारेला कोठेच काही लागू दिले नाही तर ती निर्वेधपणे हलेल खरी, पण तिच्यातले दडलेले स्वर दडलेलेच राहतील. आणि हे घर्षण प्रमाणाबाहेर गेले तर तार नुसती चरचरेल. शिवाय तारांच्या घर्षणाने घोडी झिजते, जवारी उतरते आणि काही काळाने ती नव्याने काढावी लागते. एकदा जुळविले आणि जन्माचे काम झाले, अशी सोय इथे नाही.

घर्षणाचे हे मोल शास्त्रानेही जाणले आहे: भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी यांच्या जोडीने विवादी, म्हणजे न जुळणारा, स्वरही नोंदला आहे, त्याला हद्दपार केलेले नाही. जाणता गवई तो क्षणभर, कुशलतेने लावून जातो आणि राग उजळतो.

आता हे वाद्य येते कोठून? पंढरपूरच्या परिसरात, भीमेच्या काठच्या शेतांत कडू भोपळ्याचे वेल लावतात. हे फळ कोणी खात नाही. ते वेलीवरच जून होऊन वाळावे लागते, आणि ज्या पावसाने, ज्या मातीने, ज्या उन्हाने ते पोसले तेच त्याचा घेर आणि सालीची जाडी ठरवितात. दोन भोपळे कधी एकसारखे नसतात. म्हणून मिरजेचा सतारमेकर आधी भोपळा पाहतो, हाताच्या बोटांनी ठोकून त्याचा नाद घेतो, आणि मग त्याच्या घेराला शोभेल अशी तुणीच्या लाकडाची दांडी व तबली बेततो. निसर्गाने दिलेला आकार प्रमाण मानून मनुष्याने आपले कौशल्य त्याला जुळवून घेणे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नदी सरळ करावयाची, डोंगर सपाट करावयाचा आणि मग उरलेल्यावर बाग लावून त्याला निसर्गाशी सुसंवाद म्हणावयाचे, ही आजची रीत याच्या नेमकी उलट आहे.

आणि ही विद्या ज्यांनी मिरजेत रुजविली ते मुळात शिकलगार होते, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी अंमलात तलवारींची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी मिरज संस्थानच्या पटवर्धनांच्या आश्रयाने वाद्यदुरुस्तीला हात घातला, आणि त्यांच्या परंपरेतली घराणी सतारमेकर गल्लीत आजही बसलेली आहेत. ब्राह्मण संस्थानिक, मुसलमान कारागीर, भीमाकाठचा शेतकरी, आणि कैराण्याहून आलेले खाँसाहेब. अब्दुल करीम खाँ 1937 साली पाँडिचेरीच्या वाटेवर निवर्तले. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरसाल गायक हजेरी लावतात. या चौघांपैकी कोणालाही दुसऱ्यासारखे व्हावे लागले नाही. परंतु हे चित्र रंगवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण 2009 च्या गणेशोत्सवात याच मिरजेत दंगल पेटली. पूर्वजांनी जुळविलेला तंबोरा नातवंडांच्या हाती जुळलेलाच येत नाही. हवा पालटली की तार उतरते, आणि ज्याला ती उतरलेली ऐकूच येत नाही त्याच्या हाती खुंटी असून उपयोग नाही.

म्हणून मला चिंता वाटते ती कानाची. गाण्याच्या बहुसंख्य वर्गांतून आज विजेची तंबोरापेटी किंवा भ्रमणध्वनीतला तंबोरा वाजतो. तो स्वस्त आहे, प्रवासात सोयीचा आहे, त्याने अनेक गरीब घरांतल्या मुलांचा रियाझ शक्य केला आहे, आणि त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण तो आधीच जुळलेला असतो. ज्या विद्यार्थ्याने स्वतः खुंटी पिळली नाही, जोडातली लाट विरेपर्यंत श्वास रोखून ऐकले नाही, स्वयंभू गंधाराची वाट पाहिली नाही, त्याला स्वर मिळतो, स्वर मिळविण्याची दृष्टी मिळत नाही. हीच गोष्ट आपल्या शाळांना आणि सभागृहांना लागू आहे: मुलांना सहजीवनाचे पाठ तयार दिले जातात, भिन्न मताच्या माणसासमोर बसून त्याचे ऐकण्याचा आणि आपला स्वर न सोडता त्याच्याशी जुळण्याचा अभ्यास मात्र क्वचितच करून घेतला जातो.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट झाली; पण सनदेने वाद्य वाजत नाही. राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातील निदान काही माध्यमिक शाळांत आणि प्रत्येक शासकीय संगीतवर्गात मिरजेच्या तंबोऱ्यांचा एकेक जोड असावा, त्याच्या खरेदीची आणि दर काही वर्षांनी जवारी काढून घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात व्हावी, आणि जवारी काढावयास येणाऱ्या कारागिराला केवळ मजुरी देऊन वाटेला न लावता त्याचे काम विद्यार्थ्यांना समोर बसून पाहू द्यावे. भोपळ्याच्या शेतकऱ्याचा प्रश्न तर याहून निकडीचा आहे. जे फळ बाजारात कोणी विकत घेणार नाही ते त्याने हंगामभर रानात वाळत ठेवावे अशी आपली इच्छा असेल, तर त्याचा भाव लागवडीपूर्वी जाहीर झाला पाहिजे आणि पैसे त्याच्या हाती वेळेवर पडले पाहिजेत.