मुंबई हायचा वारसा आणि ओएनजीसीची कसोटी

2022 च्या मार्च महिन्यात नागपूरच्या वाहनधारकाला एक किलो सीएनजीसाठी 120 रुपये मोजावे लागत होते. मुंबईत तोच वायू जवळपास निम्म्या दरात मिळत होता. कारण साधे होते. मुंबईला देशी वायू वाहिनीतून मिळतो. नागपूरला मात्र परदेशातून आणलेला द्रवरूप वायू गुजरातेतून टँकरने येई. देशाचे स्वतःचे इंधन अपुरे पडले की त्याची झळ कोठवर पोहोचते, हे राज्याच्या उपराजधानीने असे अनुभवले. त्यामुळे देशी तेल आणि वायूचा सर्वांत मोठा वाटा ज्या कंपनीच्या शिरावर आहे, त्या ओएनजीसीच्या प्रकृतीची विचारपूस विदर्भातील माणसानेही करायला हवी.

या कंपनीचा इतिहास अभिमानास्पद आहे. 1956 मध्ये आयोगाच्या रूपाने तिची स्थापना झाली, तेव्हा भारताच्या भूगर्भात पुरेसे तेल नाही, असे परकीय कंपन्या सांगत होत्या. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्रात तेल शोधून त्यांना उत्तर दिले. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि मार्च 1985 मध्ये मुंबई हाय दररोज 4 लाख 71 हजार बॅरल तेल देऊ लागले. एप्रिल 2024 मध्ये हाच आकडा 1 लाख 34 हजारांवर होता. दरम्यान देशाची गरज वाढत गेली आणि आज लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे 88 टक्के तेल बाहेरून येते.

तेलक्षेत्र म्हातारे होते, हा निसर्गनियम आहे. त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. दोष आहे तो म्हातारपणाची तरतूद न करण्याचा. जुन्या विहिरी आटत असताना नव्या शोधाचा वेग वाढायला हवा होता. तो वाढला नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील 98/2 या खोल समुद्रातील क्षेत्रातून पहिले तेल निघायला जानेवारी 2024 उजाडले. ठरलेली मुदत तेव्हा केव्हाच उलटून गेली होती.

या दिरंगाईला तांत्रिक अडचणी आहेत, तशी एक जुनी सवयही आहे. सत्तेवर कोणीही असो, ओएनजीसीकडे दुभत्या गाईसारखे पाहिले गेले. डिझेल, रॉकेल आणि स्वयंपाकाच्या गॅसवरील सवलतींचा भार वर्षानुवर्षे या कंपनीने आपले तेल स्वस्तात देऊन उचलला. जानेवारी 2018 मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा 51.11 टक्के हिस्सा तिने 36,915 कोटी रुपयांना विकत घेतला आणि त्यासाठी कर्ज काढले. सरकारची निर्गुंतवणूक त्या वर्षी कागदावर पूर्ण झाली; पण या व्यवहाराने देशाच्या तेलात एका थेंबाचीही भर पडली नाही. दूध काढायचे आणि वैरणीला हात आखडता घ्यायचा, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही.

तरीही चित्र निराशेचे नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायचे उत्पादन वाढविण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड झाली. दहा वर्षांत तेल आणि वायूचे उत्पादन 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा तिचा अंदाज आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांना ही निवड खटकू शकते. मात्र क्षेत्राची मालकी ओएनजीसीकडेच आहे. ‘सागर सम्राट’ही जपानमध्ये बांधले गेले होते आणि मुंबईच्या समुद्रातील पहिल्या सर्वेक्षणात सोविएत तज्ज्ञांचा हात होता. विद्या बाहेरून घेण्यात कमीपणा नाही. ती आत्मसात न करता पुन्हा त्याच दारी जाणे हा कमीपणा आहे. म्हणून बीपीच्या तंत्रज्ञांबरोबर आपले किती अभियंते तयार होतात, यावर या कराराचे मोजमाप व्हावे.

दुसरी संधी वायूची आहे. ओएनजीसीच्या नव्या विहिरींतील वायूला जुन्यापेक्षा 20 टक्के अधिक दर देण्याचे धोरण 2023 मध्ये आले, ते योग्यच आहे. तिसरी संधी परदेशातील तेलक्षेत्रांची. 2001 मध्ये रशियातील सखालीन-1 प्रकल्पात 20 टक्के हिस्सा घेण्याचे धाडस भारताने केले. 2022 नंतर रशियावरील निर्बंधांमुळे तेथील लाभांश अडकून पडला. धाडस सोडू नये, पण सारे एका टोपलीत ठेवू नये, हा त्यातला धडा.

समृद्धी महामार्गालगत मुंबईहून नागपूरकडे वायुवाहिनी टाकली गेली आहे. नळ आला, तरी विहिरीत पाणी हवे. ते हवे असेल तर ओएनजीसीच्या नफ्यावरचा पहिला हक्क संशोधनाचा आणि उत्खननाचा असला पाहिजे. सरकारी तिजोरीची पाळी त्यानंतरची. एवढा संयम राज्यकर्त्यांनी दाखवला, तर मुंबई हायचा वारसा पुढच्या पिढीच्या हाती रिकामा जाणार नाही.